झाकल्या मुठीचा जनसंपर्क

उद्योगसंस्थेने समाजाशी कसे बोलावे, हा वरकरणी त्या संस्थेच्या घरचा प्रश्न वाटतो. एखादी कंपनी आपल्या मालाची जाहिरात कशी करते, वार्ताहरांना चहापानाला केव्हा बोलावते, वार्षिक अहवाल किती गुळगुळीत कागदावर छापते, याची उठाठेव शाळामास्तराने, कारकुनाने किंवा विद्यार्थ्याने का करावी? परंतु गेल्या पन्नास वर्षांत युरोप खंडात या क्षेत्रात जे घडले त्याकडे नजर टाकली, तर हा प्रश्न घरचा राहत नाही. कारखान्याच्या भिंतीआड काय चालले आहे, त्याचे परिणाम ज्यांना भोगावे लागणार त्यांना ते कोणी सांगावयाचे, केव्हा सांगावयाचे आणि न सांगितल्यास त्याची किंमत कोणी मोजावयाची, असा तो रोकडा सामाजिक प्रश्न आहे.

जनसंपर्काचा व्यवसाय आधी अमेरिकेत फोफावला. युरोपात तो दुसऱ्या महायुद्धानंतर स्थिरावला आणि तेथे त्याने तत्त्वज्ञानाचा अंगरखा चढविला. १२ मे १९६५ रोजी अथेन्स येथे आंतरराष्ट्रीय जनसंपर्क संघटनेने एक आचारसंहिता स्वीकारली. लुसियां मात्रा या फ्रेंच गृहस्थांचा तिच्या मसुद्यात मोठा वाटा होता आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा तिला आधार होता. सत्याला अन्य कोणत्याही गरजेचे दास करू नये, पडताळून पाहता न येणारी माहिती प्रसृत करू नये, असे ती बजावते. संहिता उत्तम होती. उणीव एवढीच, की ती मोडणाऱ्यास संघटनेबाहेर काढण्यापलीकडे तिच्या हाती काही नव्हते. आपल्याकडे ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ अशी म्हण आहे. युरोपातील कित्येक बड्या कंपन्यांनी संहितेला मान तुकवून व्यवहारात ही म्हणच शिरोधार्य मानली. ती मूठ उघडली ती संहितेने नव्हे. ती कोणी व कशी उघडली, हे पाहण्यासारखे आहे.

सेवेझोचे सोळा दिवस

१० जुलै १९७६ रोजी, शनिवारी दुपारी, इटलीतील मिलान शहराच्या उत्तरेस मेदा येथील इक्मेसा या रसायन कारखान्यातून एक विषारी ढग सुटला आणि शेजारच्या सेवेझो गावावर पसरला. कारखाना जिवोदां या कंपनीचा आणि ती कंपनी स्वित्झर्लंडच्या हॉफमन-ला रोश या औषधसम्राटाच्या मालकीची. ढगात डायॉक्सिन हे जहाल विष होते. कारखान्याकडून प्रथम सांगण्यात आले ते इतकेच, की तणनाशकासारख्या पदार्थाची वाफ बाहेर पडली आहे, बागेतला भाजीपाला खाऊ नये. पुढच्या दिवसांत झाडांची पाने करपली, कोंबड्या आणि ससे पटापट मेले, मुलांच्या अंगावर फोड उठले. लोकांनी काय समजायचे ते या खुणांवरून समजायचे होते. पहिली कुटुंबे घरातून हलविण्यात आली ती २६ जुलैला, म्हणजे सोळा दिवसांनंतर. पुढे सर्वाधिक बाधित पट्ट्यातून सातशेहून अधिक माणसांना घरे सोडावी लागली.

एवढ्यावर शहाणपण आले असते तरी चालले असते. परंतु १९८२ मध्ये कारखान्यातील विषारी अवशेषांची ४१ पिंपे विल्हेवाटीसाठी इटलीबाहेर गेली आणि ती कोठे गेली हे कित्येक महिने कोणीच सांगेना. अखेर मे १९८३ मध्ये उत्तर फ्रान्समधील एका खेड्यात, वापरात नसलेल्या खाटिकखान्यात ती सापडली! ज्या गावकऱ्यांच्या शेजारी ती पडून होती त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. मूठ झाकलेली राहिली तर तिच्यात काय असू शकते, याचा याहून बोलका दाखला मिळणे कठीण.

या दुर्घटनेतून जो कायदा निघाला त्याला आजही सेवेझोचेच नाव आहे. १९८२ च्या या युरोपीय निर्देशाने धोकादायक कारखान्याच्या आसपास राहणाऱ्यांना सुरक्षिततेचे उपाय आणि अपघात झाल्यास कसे वागावे हे सांगणे बंधनकारक केले. १ नोव्हेंबर १९८६ रोजी बाझल शहराजवळ सांडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली, आग विझविण्याच्या पाण्याबरोबर विषे ऱ्हाईन नदीत उतरली, पाणी लाल झाले आणि वाम मासे लक्षावधींच्या घरात मेले. त्यानंतर १९८८ मध्ये निर्देशात दुरुस्ती झाली, की ही माहिती लोकांनी मागण्याची वाट न पाहता त्यांना दिली पाहिजे. ‘न मागता’ या दोन शब्दांत या साऱ्या विषयाचे सार आहे. तोवर माहिती देणे हे कंपनीचे सौजन्य होते. आता ते देणे झाले.

सेवेझोची ही कहाणी आपल्यालाही परकी नाही. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला जे झाले त्यातील कंपनी अमेरिकन मुळाची होती, पण कारखान्यातून सुटलेला वायू कोणता आणि त्यावर उपाय काय, हे न कळता माणसे मेली, ही तऱ्हा सेवेझोचीच, फक्त कैकपटींनी भीषण. त्यानंतर आपल्या कारखाने अधिनियमात १९८७ मध्ये कलम ४१ ब आले आणि धोकादायक कारखान्याच्या चालकावर, कामगारांप्रमाणेच परिसरातील सर्वसाधारण जनतेलाही धोक्यांची माहिती देण्याचे बंधन पडले. रासायनिक वसाहतीच्या कुंपणालगत राहणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना ही माहिती कधी मिळाली, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

ब्रेंट स्पारचा दुहेरी धडा

दुसरे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आणि म्हणून अधिक उद्बोधक आहे. उत्तर समुद्रात शेल कंपनीची ब्रेंट स्पार नावाची साडेचौदा हजार टन वजनाची तरंगती तेलटाकी होती. तिचा उपयोग संपल्यावर ती अटलांटिक महासागरात खोल बुडवावी, असे शेलच्या ब्रिटिश शाखेने ठरविले. हा निर्णय लहरीखातर घेतलेला नव्हता. कित्येक वर्षे अभ्यास झाला होता आणि ब्रिटिश सरकारची संमतीही मिळाली होती. कंपनीच्या दृष्टीने विषय संपला होता. ३० एप्रिल १९९५ रोजी ग्रीनपीस संघटनेचे कार्यकर्ते टाकीवर चढून बसले आणि विषय सुरू झाला.

पुढच्या सात आठवड्यांत जे झाले त्याचे पाठ आजही जनसंपर्काच्या वर्गांत दिले जातात. ग्रीनपीसने स्वतः टिपलेली चित्रे घरोघरच्या दूरचित्रवाणीवर गेली. जर्मनीत लोकांनी शेलच्या पंपांवर पेट्रोल घेण्याचे सोडले, काही पंपांवर हल्लेही झाले. जर्मनीचे चॅन्सेलर हेल्मुट कोल यांनी हा प्रश्न थेट ब्रिटिश पंतप्रधान जॉन मेजर यांच्याकडे काढला. मेजर पार्लमेंटमध्ये कंपनीची बाजू लढवीत होते, आणि त्याच दिवशी, २० जून रोजी, शेलने बेत रद्द केल्याचे जाहीर केले. सरकारला तोंडघशी पाडून कंपनीने माघार घेतली. त्यानंतर तिने जर्मन वृत्तपत्रांत जाहिराती देऊन आपण बदलू, अशी ग्वाही दिली.

चूक कोठे झाली? शेलच्या अभियंत्यांचा हिशेब चुकला होता असे म्हणता येत नाही. चूक झाली ती कोणाला विचारावयाचे या हिशेबात. निर्णय लंडनचा, परवाना लंडनचा आणि रोष मात्र हॅम्बुर्गच्या पंपचालकावर. शेलच्या निरनिराळ्या देशांतील शाखा कागदोपत्री स्वायत्त होत्या. ग्राहकाला मात्र पिवळ्या शिंपल्याची एकच खूण दिसत होती. युरोपीय संघाच्या आज चोवीस अधिकृत भाषा आहेत आणि प्रत्येक देशाचा इतिहास, कायदा, वर्तमानपत्रे व भये वेगळी आहेत. ब्रिटनमध्ये जे तांत्रिक परवान्याचे प्रकरण होते ते जर्मनीत, जेथे घरातला कचराही वेगवेगळा करून टाकण्याची लोकांना शिस्त लागली होती, नीतीचे प्रकरण बनले. एकच पत्रक अनेक भाषांत उतरविले म्हणजे अनेक समाजांशी बोलणे झाले, हा भ्रम तेथे कायमचा फिटला.

परंतु या प्रकरणाला दुसरी बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. टाकीत साडेपाच हजार टन तेल शिल्लक असल्याचे ग्रीनपीसने सांगितले होते. नमुने चुकीच्या जागेतून घेतले गेले होते आणि आकडा फार फुगलेला होता. सप्टेंबर १९९५ मध्ये ग्रीनपीसने शेलची त्याबद्दल माफी मागितली. ब्रिटिश दूरचित्रवाणीच्या संपादकांनीही आपण संघटनेच्या चित्रांवर फार विसंबलो, अशी कबुली दिली. म्हणजे प्रसिद्धीचे शस्त्र केवळ कंपन्यांच्याच हाती असते असे नाही, आणि सत्कार्याचा झेंडा हाती असला म्हणून आकडे आपोआप खरे होत नाहीत. फरक एवढाच, की ग्रीनपीसने चूक लक्षात येताच ती आपणहून जाहीर केली. त्यामुळे तिचे नाव बुडाले नाही. पुढे १९९८ मध्ये ईशान्य अटलांटिकच्या राष्ट्रांनी अशी पोलादी सांगाडी समुद्रात टाकण्यावर बंदी घातली आणि ब्रेंट स्पारचे तुकडे नॉर्वेतील स्टावांगरजवळच्या एका धक्क्याच्या पायात कामी आले.

यंत्रालाच खोटे बोलावयास शिकविले

ब्रेंट स्पारनंतर युरोपातील कंपन्यांनी समाजाशी ‘संवाद’ साधण्याची भाषा मोठ्या आवेशाने उचलली. अहवालांना नवी प्रकरणे जोडली गेली, संवादप्रमुखाची खुर्ची संचालकांच्या शेजारी आली. या बदलाची कसोटी वीस वर्षांनी लागली आणि ती फोक्सवॅगन या जर्मन कंपनीच्या निमित्ताने लागली. डिझेल मोटारी स्वच्छ असतात, असा प्रचार ही कंपनी अमेरिकेत धडाक्याने करीत होती. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने उघड केले, की चाचणी चालू असल्याचे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारी आज्ञावली या गाड्यांत बसविलेली आहे. रस्त्यावर धावताना नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे मर्यादेच्या चाळीसपटीपर्यंत बाहेर पडत होती. अशा गाड्या जगभर सुमारे एक कोटी दहा लाख होत्या. पाचव्या दिवशी कंपनीचे सूत्रधार मार्टिन विंटरकोर्न पायउतार झाले.

येथे लक्षात घेण्याची गोष्ट ही, की वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी रस्त्यावरच्या धुराचे चढे आकडे २०१४ च्या मे महिन्यातच मांडले होते. त्यानंतर वर्षाहून अधिक काळ कंपनी तांत्रिक सबबी सांगत राहिली. खरे काय ते आपणहून सांगावयास तिला सोळा दिवस नव्हे, सोळा महिने मिळाले होते. दंड, भरपाई आणि दुरुस्ती मिळून या मौनाची किंमत तीस अब्ज युरोंच्या वर गेली. मे २०२५ मध्ये ब्राउनश्वाइगच्या न्यायालयाने चार माजी अधिकाऱ्यांना फसवणुकीबद्दल दोषी ठरविले व त्यांपैकी दोघांना कारावास सुनावला. सेवेझोत कंपनी गप्प राहिली होती. येथे तिने यंत्रालाच खोटे बोलावयास शिकविले. संवादाच्या साऱ्या यंत्रणेचा या चाळीस वर्षांतला प्रवास तो हाच काय, असे कोणी विचारले तर काय उत्तर द्यावे?

हे प्रकरण पुण्यापर्यंतही पोहोचले. चाकणला या कंपनीचा कारखाना आहे आणि पुण्यातीलच मोटार संशोधन संस्थेने केलेल्या चाचण्यांत प्रयोगशाळेतील व रस्त्यावरील आकड्यांत तफावत आढळली. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातील ३ लाख २३ हजार ७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. मात्र हे आपण स्वेच्छेने करीत असून भारतातील नियमांचा भंग झालेला नाही, अशी भूमिका घेतली. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने पाचशे कोटी रुपयांचा दंड केला व कंपनीने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेतली. अमेरिकेत क्षमायाचना आणि भारतात नियमांचा कीस, ही तफावत बोलकी आहे. कंपनीची वाणी त्या त्या देशातील कायद्याच्या बळाप्रमाणे नम्र किंवा ताठर होते, हे त्यावरून कळते.

हिरवा मुलामा

हल्लीचा मोठा विषय आहे तो पर्यावरणाच्या नावे केल्या जाणाऱ्या दाव्यांचा. साबणाच्या वडीपासून विमानाच्या तिकिटापर्यंत सारे काही ‘हरित’, ‘निसर्गस्नेही’ आणि ‘कार्बनमुक्त’ झाले आहे. युरोपीय आयोगाने २०२० मध्ये अशा दाव्यांची तपासणी केली, तेव्हा त्यांपैकी ५३ टक्के दावे संदिग्ध, दिशाभूल करणारे किंवा निराधार आढळले आणि ४० टक्क्यांना कसलाच पुरावा नव्हता. केएलएम या डच विमान कंपनीने २०१९ मध्ये जबाबदारीने विमानप्रवास करा, असे सांगणारी मोठी मोहीम काढली होती. मार्च २०२४ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या न्यायालयाने तिच्या जाहिरातींतील बहुतेक विधाने दिशाभूल करणारी ठरविली. झाडे लावल्याने आणि वेगळ्या इंधनाच्या किंचित वापराने जे साधते त्याचे चित्र फार गुलाबी रंगविले गेले, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी युरोपीय संघाने एका निर्देशाने पुराव्यावाचून केलेल्या मोघम हरित दाव्यांवर बंदी घातली. तिच्या अंमलाची तारीख २७ सप्टेंबर २०२६ ठरली.

मात्र कायद्याचा हात पुढे येतो न येतो तोच तो आखडण्याचीही चिन्हे दिसू लागली. हरित दाव्यांची आगाऊ पडताळणी व्हावी, असे सुचविणाऱ्या दुसऱ्या निर्देशाच्या वाटाघाटी जून २०२५ मध्ये ऐन शेवटच्या टप्प्यावर थांबल्या. कंपन्यांनी पर्यावरण, कामगार आणि पुरवठादार यांविषयी सविस्तर अहवाल द्यावा, असा कायदा २०२२ मध्ये झाला होता. त्यातून सुमारे ८० टक्के कंपन्यांना वगळावे, असा प्रस्ताव आयोगानेच फेब्रुवारी २०२५ मध्ये मांडला. नियमांचा बोजा उद्योगांना अमेरिका व चीन यांच्याशी स्पर्धेत मागे खेचतो, हे कारण देण्यात आले. ते अगदीच खोटे आहे असे नाही. लहान कारखानदाराला शेकडो रकाने भरावयास लावणे हा शहाणपणा नव्हे. शिवाय बोललो तर खटला होईल या भीतीने काही कंपन्या चांगल्या कामाबद्दलही मौन पाळू लागल्या आहेत, असे या व्यवसायातील मंडळी सांगतात. परंतु यावरचा उपाय रकाने कमी व नेमके करणे हा आहे. बहुतेकांना रकान्यांतूनच मुक्त करणे म्हणजे पुन्हा मूठ झाकावयास परवानगी देणे होय.

वृत्तपत्रांचा वाटा

या साऱ्यात वृत्तपत्रांनी स्वतःकडेही पाहिले पाहिजे. कार्डिफ विद्यापीठाच्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसून आले, की प्रमुख ब्रिटिश दैनिकांतील सुमारे ६० टक्के बातम्या पूर्णतः वा मुख्यतः वृत्तसंस्थांचा मजकूर आणि प्रसिद्धीपत्रके यांवर बेतलेल्या होत्या. वार्ताहरांची संख्या घटते आणि जनसंपर्काची कार्यालये फुगतात, तेव्हा दुसरे काय होणार? मार्च २०२१ मध्ये फोक्सवॅगनच्या अमेरिकन शाखेने कंपनीचे नाव बदलत असल्याचे खोटे पत्रक एक एप्रिलच्या थट्टेसाठी काढले, विचारणा करणाऱ्या वार्ताहरांनाही ते खरे असल्याचे सांगितले आणि नामांकित वृत्तसंस्थांनी ते छापले. डिझेलच्या लबाडीला सहा वर्षेही झाली नव्हती!

लंडनच्या बेल पॉटिंजर या जनसंपर्क संस्थेची कथा तर याहून काळी आहे. मार्गारेट थॅचर यांच्या प्रचारमोहिमा आखणारे टिम बेल हे तिचे एक संस्थापक. सहारनपूरहून दक्षिण आफ्रिकेत जाऊन गब्बर झालेल्या गुप्ता बंधूंच्या ओकबे या कंपनीसाठी तिने तेथे वांशिक तेढ चेतविणारी मोहीम चालविली. अशिलावरील भ्रष्टाचाराच्या आरोपांकडून लोकांचे लक्ष दुसरीकडे वळावे, हा त्यामागचा हेतू. ४ सप्टेंबर २०१७ रोजी ब्रिटनच्या जनसंपर्क संघटनेने या संस्थेला काढून टाकले आणि आठवडाभरात तिचे दिवाळे वाजले. संहितेला कधी कधी दात फुटतात हे यावरून दिसते, ही समाधानाची बाब आहे. पण ते फुटले केव्हा? दक्षिण आफ्रिकेतील विरोधी पक्षाने रीतसर तक्रार केल्यावर आणि तेथील पत्रकारांनी फुटलेला पत्रव्यवहार छापल्यावर. लंडनच्या कचेरीत बसून कोणाला आपणहून पश्चात्ताप झाला नव्हता.

तात्पर्य, जनसंपर्क मुळातच पाप आहे असे नाही. उद्योगांना आपली बाजू मांडण्याचा अधिकार आहे, आणि ती नीट मांडणारा माणूस लबाडच असतो असेही नाही. कंपनीच्या आत राहून, ‘हे आजच सांगा, उद्या महाग पडेल’ असे मालकाला सुनावणारा अधिकारी समाजाचा मित्रच होय. पण त्याच्या शब्दाला वजन येते ते केव्हा? कंपनीबाहेर कायदा उभा असेल, न्यायालय जागे असेल, वृत्तपत्र पत्रक छापण्यापूर्वी चार प्रश्न विचारीत असेल आणि गिऱ्हाईक पंपावरून पाठ फिरविण्यास तयार असेल तेव्हा. सेवेझोपासून ॲम्स्टरडॅमपर्यंत कोठेही मूठ केवळ सदिच्छेने उघडलेली नाही.

म्हणून ‘स्वयंनियमन’ आणि ‘विश्वास’ या गोड शब्दांवर समाजाने आपला हक्क गहाण टाकू नये. कंपनीचे कोणतेही निवेदन वाचताना तीन साध्या गोष्टी पाहाव्यात. हे न विचारता सांगितले आहे की पकडले गेल्यावर? यातले काय त्रयस्थाला पडताळून पाहता येईल? आणि हेच शब्द ती दुसऱ्या देशात, दुसऱ्या भाषेत बोलते आहे काय? या प्रश्नांची उत्तरे मागण्याची सवय युरोपातील नागरिकाला एका विषारी ढगाने आणि एका लाल झालेल्या नदीने लावली. ती सवय तेथे सैल पडू लागली असेल, तर त्याचे परिणाम तेथल्या कंपन्या जेथे जेथे कारखाने चालवितात तेथे तेथे जाणवतील. चाकणला आणि महाडलाही. धोक्यांची माहिती जनतेला देण्याचे बंधन आपल्या कायद्यात आहे. त्याचा वापर कोणी करावयाचा, एवढाच प्रश्न आहे.